प्रोफेसर हेन्री फॉसेट

दरसाल परीक्षेचे निकाल लागले म्हणजे शाळेच्या आवारात काय देखावा दिसतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. कोणी उड्या मारीत घरची वाट धरतो, तर कोणी मान खाली घालून, कोणाच्या नजरेस न पडता, हळूच फाटकाबाहेर पडतो. ज्याची मान खाली गेली त्यास हिंमत धरण्याचा व हसतमुख राहण्याचा उपदेश करून आम्ही वडील मंडळी मोकळी होतो. उपदेश खोटा नसतो; परंतु मनासारखे न घडले असता हसतमुख राहावयाचे ते कसे, असे विचारणारा एखादा मुलगा भेटला तर आमची पंचाईतच होईल. ही गोष्ट सांगून समजण्याजोगी नाही. कोणी तसे आयुष्य काढून दाखविले असेल, तर ते पाहूनच ती समजावयाची. म्हणून ह्या अंकात उपदेश बाजूस ठेवून एका गृहस्थाची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे. हे गृहस्थ १८८४ साली वारले. त्या वेळी इंग्लंडात त्यांचे नाव ठाऊक नाही असे घर विरळा होते, आणि हिंदुस्थानातही वर्तमानपत्रे वाचणाऱ्या मंडळीस ते चांगले परिचयाचे होते. आज ते पुष्कळसे विस्मृतीत गेले आहे, हे आमच्या मते बरे झाले नाही.

इंग्लंडच्या दक्षिण भागात सॉल्झबरी म्हणून एक जुने गाव आहे. तेथील कॅथीड्रलचा मनोरा चारशे फुटांहून अधिक उंच असून भोवतालच्या टेकड्यांवरून तो फार दुरून दिसतो. ह्या गावी २६ ऑगस्ट १८३३ रोजी हेन्री फॉसेट ह्यांचा जन्म झाला. वडील विल्यम फॉसेट हे कापडाचे व्यापारी. पुढे ते शेतीही पाहू लागले. मोठे उमदे, बोलके, शिकारीचे व मासे धरण्याचे शोकी असे हे गृहस्थ होते. १८३२ साली पार्लमेंटच्या सुधारणेचा प्रसिद्ध कायदा झाला, त्या वर्षी ते गावचे मेयर होते. तेव्हा राजकारणाच्या गोष्टी घरात सदाच चालत आणि त्या हेन्रीच्या कानी पडत.

लहानपणी हेन्री काही फार हुशार गणला गेला नव्हता. त्याच्या पहिल्या पंतोजीणबाईंच्या मते त्याचे डोके म्हणजे निव्वळ चाळण होती. वरून कितीही ओता, आत काही राहावयाचे नाही. (ज्या मुलांविषयी असा अभिप्राय कधी झाला असेल, त्यांनी पुढील हकीकत अवश्य वाचावी.) पुढे क्वीनवुड येथील शाळेत व नंतर लंडनच्या किंग्ज कॉलेजात तो शिकला. शाळेत मुले आपापसांत, मोठेपणी कोण काय होणार ह्याच्या गप्पा मारीत, तेव्हा हेन्री नेहमी पार्लमेंटचा सभासद होणार म्हणून सांगे, आणि त्यावर सर्व मुले खो खो हसत. कापडवाल्याच्या मुलाने त्या काळी असे म्हणणे म्हणजे हसण्याचीच गोष्ट होती.

१८५२ साली तो केंब्रिजास गेला. प्रथम पीटरहाउस व नंतर ट्रिनिटी हॉल ह्या कॉलेजात राहून १८५६ साली गणिताच्या मोठ्या परीक्षेत तो सातवा रँग्लर झाला. रँग्लर म्हणजे काय हे महाराष्ट्रात समजावून सांगण्याचे कारण नाही. १८९९ साली आपले रघुनाथराव परांजपे ह्यांनी त्याच परीक्षेत पहिल्या जागेचा मान मिळविला, तेव्हापासून हा शब्द आपल्या घरचाच झाला आहे. त्याच वर्षाअखेर फॉसेट ह्यांस ट्रिनिटी हॉलची फेलोशिप मिळाली. उंची सहा फूट तीन इंच, आवाज खणखणीत, हसणे असे की दोन दालने पलीकडे ऐकू जावे. लंडनास जाऊन कायद्याचा अभ्यास करावा, वकिलीत नाव व पैसा मिळवावा आणि मग पार्लमेंटात शिरावे, असा सरळ मार्ग त्यांनी आखला होता. मध्यंतरी डोळ्यांस थकवा येऊ लागल्यामुळे वैद्यांनी वाचन बंद करून विश्रांती घेण्यास सांगितले होते, एवढीच काय ती अडचण होती.

१८५८ चा सप्टेंबर महिना होता. फॉसेट सुटीसाठी घरी, सॉल्झबरीजवळच्या शेतावर, आले होते. त्या महिन्याच्या १७ तारखेस वडील व मुलगा काही मंडळींसह हार्नमच्या टेकडीवर तित्तिरांच्या शिकारीस गेले. शरद् ऋतूतील स्वच्छ दिवस होता. खाली एव्हन नदीच्या काठची हिरवी कुरणे, पलीकडे गाव, आणि त्यातून वर गेलेला तो मनोरा. हा देखावा फॉसेट ह्यांच्या फार आवडीचा होता. उन्हाची तिरीप लागू नये म्हणून त्यांनी रंगीत काचांचा चष्मा घातला होता. शिकारीच्या सोयीसाठी ते सुमारे तीस यार्ड पुढे जाऊन उभे राहिले. मागून वडील येत होते. वडिलांच्या एका डोळ्यास मोतीबिंदूची सुरुवात झाली होती. एक तित्तिर उठला. त्याच्यावर नेम धरतेवेळी मुलगा त्याच रोखात उभा आहे हे वडिलांच्या ध्यानात आले नाही, आणि त्यांनी चाप ओढला. बहुतेक छरे जाड कोटावर बसले. त्यांनी विशेष इजा केली नाही. दोन छरे मात्र चष्म्याच्या दोन काचा फोडून दोन डोळ्यांत शिरले. एका क्षणात, पंचविसाव्या वर्षी, फॉसेट आंधळे झाले.

आपल्याच हातून आपल्या मुलाचे डोळे गेले, हे ज्या बापास कळले त्याच्या मनाची स्थिती काय झाली असेल, ह्याचे वर्णन करण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. मुलाच्या मनात प्रथम काय आले हे मात्र त्यांनीच पुढे स्नेह्यांस सांगितले होते. आता हा सुंदर देखावा आपणास पुन्हा दिसावयाचा नाही, हा त्यांचा पहिला विचार. आणि त्यानंतर दहा मिनिटांच्या आतच त्यांनी ठरवून टाकले की, डोळे गेले तरी आपला आयुष्यक्रम होता होईल तो बदलावयाचा नाही. गाडीत घालून त्यांस घरी आणिले. दारात बहीण घाबरून उभी होती. तिने काही बोलण्याच्या आधीच त्यांनी तिला वर्तमानपत्र वाचून दाखविण्यास सांगितले. हे सांगण्यात वर्तमानपत्राची हौस किती आणि घरच्यांचा धीर सुटू नये ही काळजी किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या मते काळजीचाच भाग मोठा होता.

ह्यावरून फॉसेट ह्यांस दुःख झालेच नाही असे कोणी समजू नये. पुढील काही आठवडे मोठे कठीण गेले. मध्यंतरी उजेडाचा किंचित भास होऊ लागला, तेव्हा थोडी आशा वाटली. पुढील वर्षी शस्त्रक्रियाही झाली. पण ती व्यर्थ जाऊन कायमचा काळोख झाला. शिवाय एक निराळाच त्रास सुरू झाला, तो सहानुभूतीच्या पत्रांचा. रोज टपालाने पत्रे येत, बहीण ती वाचून दाखवी, आणि प्रत्येकात मजकूर एकच: केवढा हा घात, आता ईश्वरी इच्छेपुढे मान लववून स्वस्थ बसावे. पत्रे लिहिणारे सारे भले लोक होते. पण अशी दहा पत्रे ऐकल्यावर चांगल्या माणसाचेही पाय गळावेत. इतक्यात केंब्रिजहून हॉपकिन्स ह्यांचे पत्र आले. विल्यम हॉपकिन्स हे फॉसेट ह्यांचे गणिताचे शिक्षक. त्यांनीही दुःख व्यक्त केले होते, परंतु तेवढ्यावर न थांबता, डोळ्यांवाचून कोणकोणते अभ्यास चालविता येतील, बुद्धीस काम कसे देता येईल, ह्याचा शिक्षकास शोभेल असा विचार त्यात केला होता. ह्या एका पत्राने फॉसेट ह्यांस जी उभारी आली, ती ते जन्मभर विसरले नाहीत. दुसऱ्याचे सांत्वन करावयास निघणाऱ्यांनी ह्या पत्राची आठवण ठेवण्यासारखी आहे.

वडिलांची गोष्ट निराळी होती. मुलगा हसतो, बोलतो, थट्टा करतो, हे पाहून त्यांचे दुःख हलके होण्याऐवजी एका परी वाढले. मुलाने एकदा तरी कुरकुर केली असती तर हे सहन करणे आपणास सोपे गेले असते, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढल्याचे फॉसेट ह्यांचे स्नेही व चरित्रकार लेस्ली स्टीफन ह्यांनी नमूद केले आहे. फॉसेट ह्यांनी ती कुरकुर कधीच केली नाही. त्यांचा आनंदी स्वभाव मुळातला होता, हे खरे. पण स्वभावाने आनंदी असणे आणि आपण खचलो तर आपला बाप जगणार नाही हे ओळखून आनंदी राहणे, ह्यांत अंतर आहे. पहिली देणगी होय. दुसरे रोज उठून करावयाचे काम होय. हे काम फॉसेट ह्यांनी सव्वीस वर्षे केले.

ते केंब्रिजास परत गेले व पूर्वीच्याच खोल्यांत राहू लागले. हातास धरून नेण्यासाठी व वाचून दाखविण्यासाठी एक मुलगा ठेविला. वकिलीचा बेत सोडावा लागला. आंधळ्यांची लिपी बोटांनी वाचण्यापेक्षा दुसऱ्याकडून वाचवून घेऊन ऐकणे व तोंडाने सांगून लिहविणे, हा मार्ग त्यांस अधिक सोयीचा वाटला. एकदा ऐकलेले त्यांच्या ध्यानातून जात नसे. अपघातास पुरते वर्ष झाले त्या सुमारास, म्हणजे १८५९ च्या सप्टेंबरात, ॲबर्डीन येथे विद्वानांची परिषद भरली असता त्यांनी नव्याने सापडलेल्या सोन्याचा समाजावर व व्यापारावर काय परिणाम होतो, ह्या विषयावर निबंध सादर केला. आकडे सगळे तोंडपाठ! बाईंची ती चाळण कोठे गेली कोण जाणे.

आता त्यांच्या खेळांविषयी थोडे सविस्तर सांगू, कारण मुलांस हा भाग विशेष आवडेल. डोळस असताना जे जे खेळ ते खेळत, त्यांतील बंदुकीखेरीज फारच थोडे त्यांनी सोडले. केंब्रिजच्या प्राध्यापक मंडळींची एक होडी होती. गमतीने ते आपणांस पुराणे खलाशी म्हणवीत. तीत बसून फॉसेट जोराने वल्हे मारीत. घोड्यावर बसून ते न्यूमार्केटच्या माळावर भरधाव जात. बरोबरच्या सोबत्याने तोंडाने इशारा द्यावा, एवढेच पुरे. पत्ते खेळताना पत्त्यांवर टाचणीने बारीक खुणा केलेल्या असत. त्या बोटास लागताच पान कळे. मासे धरण्याचा नाद तर बापाकडूनच आलेला. नदीच्या काठी उभे राहून सोबत्याने सांगितलेल्या अंतरावर ते गळ असा अचूक टाकीत की डोळसांनी पाहात राहावे. थंडीत केंब्रिजची नदी गोठली म्हणजे स्केट नावाचे पात्यांचे जोडे पायांत चढवून ते पंधरा-सोळा मैलांवरील ईली गावाच्या बाजूस बर्फावरून सुसाट निघत. पुढे जाणाऱ्या स्नेह्याच्या आवाजाचा माग धरावयाचा आणि मागे राहावयाचे नाही. ह्यात आपटणे, ठेचकाळणे झाले नाही असे नाही. पण पडल्यावर त्यांचेच हसणे प्रथम ऐकू येई.

बोलण्यातही आंधळेपणाचा उल्लेख ते होऊ देत नसत. ओळखीचा आवाज ऐकला की तुम्हांस पाहून आनंद झाला असे ते म्हणत. फिरावयास गेले असता सोबत्याकडून देखाव्याचे वर्णन करवून घेत, आणि मागाहून तो देखावा स्वतः पाहिल्याप्रमाणे दुसऱ्यास सांगत. एका गोष्टीचा मात्र त्यांस मनापासून तिटकारा असे, आणि ती म्हणजे कीव. कोणी हळू आवाजात, जपून जपून बोलू लागला म्हणजे ते अस्वस्थ होत.

१८६३ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचे. त्या वर्षी अर्थशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठात अर्थशास्त्राच्या प्रोफेसराची जागा मोकळी झाली. आंधळा मनुष्य वर्गात शिस्त कशी राखणार, अशी शंका पुष्कळांनी काढली. त्यांची राजकीय मते जहाल म्हणूनही काही मंडळी विरुद्ध होती. तथापि निवडणुकीत ते यशस्वी झाले, आणि मरेपर्यंत त्या जागेवर राहिले. वर्गातील शिस्त बिघडल्याचे आमच्या वाचनात आलेले नाही.

पार्लमेंटची वाट मात्र इतकी सोपी नव्हती. १८६० साली लंडनच्या सदर्क भागातून ते उमेदवार म्हणून उभे राहिले. हा कोण कोठला सत्तावीस वर्षांचा आंधळा तरुण म्हणून लोक गंमत पाहावयास येत आणि व्याख्यान ऐकून परत जाताना त्याच्या बाजूचे होत. पण मतदानाच्या आधीच त्यांस माघार घ्यावी लागली. १८६३ साली केंब्रिज गावातून उभे राहिले, पराभव झाला. १८६४ साली ब्रायटन येथून उभे राहिले; पुन्हा पराभव झाला. अखेर १८६५ साली त्याच ब्रायटनने त्यांस निवडून दिले. शाळेत ज्या बोलण्यावर मुले हसली, ते अशा रीतीने तीन वेळा हुकून चौथ्या वेळी, तेही डोळे गेल्यावर, खरे झाले. दोन वर्षांनी मिलिसेंट गॅरेट नावाच्या एकोणीस वर्षांच्या सुशिक्षित तरुणीशी त्यांचा विवाह झाला. ह्या बाईंनी पुढे इंग्लंडातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीचे नेतृत्व केले. उभयतांच्या केंब्रिज येथील बैठकीच्या खोलीत १८६९ साली जी सभा भरली, तीतूनच पुढे मुलींचे न्यूनम कॉलेज निघाले.

पार्लमेंटातील त्यांच्या कामांपैकी दोनच सांगतो. त्या काळी इंग्लंडातील गावांची सामायिक कुरणे व राने कुंपणे घालून खासगी मालकीची करण्याचा सपाटा चालला होता. गोरगरिबांची गुरे चारावयाची व मुले खेळावयाची जागा जात होती. पण त्यांच्या बाजूने बोलणारे थोडे. १८६९ सालापासून फॉसेट ह्यांनी हा विषय हाती घेतला. मध्यरात्र उलटून गेल्यावर, सभागृह रिकामे असताना, अशी बिले हळूच मंजूर होत. तेव्हा हे आंधळे गृहस्थ तेथे जागत बसत आणि हरकत घेत. लंडनजवळचे एपिंगचे रान राखण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १८७८ साली त्याविषयी कायदा झाला आणि १८८२ साली व्हिक्टोरिया राणीने ते रान लोकांसाठी खुले केले. हार्नमच्या टेकडीवर ज्यांचा देखावा कायमचा हरवला, त्यांनी इतरांचे देखावे राखले.

दुसरे काम आपल्या देशासंबंधीचे. १८६७ साली तुर्कस्तानचा सुलतान लंडनास आला असता इंडिया ऑफिसात नाचाची मोठी मेजवानी झाली, आणि तिचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकण्यात आला. लंडनातील नाचाचे पैसे हिंदुस्थानातील रयतेने का भरावेत, हा प्रश्न फॉसेट ह्यांनी विचारला. त्यांचा व हिंदुस्थानचा काही एक संबंध नव्हता. त्यांस निवडून देणाऱ्या ब्रायटनच्या लोकांस ह्या विषयात गोडी नव्हती. हिंदुस्थानच्या जमाखर्चाचा विषय निघाला म्हणजे बाके ओस पडत. तरी सालोसाल हा मनुष्य उभा राहून, हातात कागदाचा चिटोरा नसताना, मीठ, जमीनमहसूल, लष्कर व रेल्वे ह्यांचे आकडे धडाधड सांगे. १८७१ साली हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करण्यासाठी पार्लमेंटाने कमिटी नेमली; तीत फॉसेट होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील पूर्वीचे प्रोफेसर दादाभाई नवरोजी ह्यांनी १८७३ साली ह्याच कमिटीपुढे साक्ष दिली. लोक फॉसेट ह्यांस हिंदुस्थानचे सभासद म्हणू लागले. १८७४ च्या निवडणुकीत ब्रायटनला त्यांचा पराभव झाला, तेव्हा हिंदुस्थानातील लोकांनी वर्गणी जमवून त्यांच्या निवडणूकखर्चासाठी पैसे पाठविले. थोड्याच महिन्यांत लंडनच्या हॅकने भागातून ते पुन्हा निवडून आले, आणि जागा अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

त्यांची सर्वच मते आम्हांस पटतात असे नाही. सरकारने लोकांच्या व्यवहारात हात घालू नये, ह्या तत्त्वावर त्यांचा इतका भर असे की कारखान्यांतील स्त्रियांचे कामाचे तास कायद्याने कमी करण्यासही त्यांनी विरोध केला. हेतू स्त्रियांच्या स्वातंत्र्याचाच होता. परंतु बारा बारा तास राबणाऱ्या बाईस त्या स्वातंत्र्याचा उपयोग किती, हा प्रश्न राहतोच.

१८८० साली ग्लॅडस्टन ह्यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले व फॉसेट ह्यांस पोस्टमास्तर-जनरलची जागा मिळाली. आतल्या मंत्रिमंडळात मात्र त्यांस घेतले नाही. गुप्त कागद दुसऱ्याकडून वाचवून घ्यावे लागतील, हे त्याचे एक कारण सांगतात. वीस वर्षांच्या राजकारणानंतर हे ऐकून दुसरा एखादा रुसून बसला असता. फॉसेट टपालाच्या कामास लागले.

त्या कामात त्यांच्या बुद्धीपेक्षाही त्यांचे मन अधिक दिसते. टपालाच्या सेव्हिंग्ज बँकेत एक शिलिंगाहून कमी रक्कम घेत नसत. ज्याच्या हाती एका वेळी एक पेनीच उरते, त्याने काय करावे? फॉसेट ह्यांनी बारा घरांचा एक कागद फुकट देण्याची सोय केली. पेनीचे एकेक तिकीट घेऊन त्यावर चिकटवावे. बारा झाली की तो कागदच शिलिंग म्हणून जमा व्हावा. शाळेतील मुलांस ही युक्ती फारच आवडली. १८८१ च्या जानेवारीत पोस्टल ऑर्डरी सुरू झाल्या. १ ऑगस्ट १८८३ पासून इंग्लंडात पार्सलांचे टपाल सुरू झाले. त्यापूर्वी लहान पुडके पाठवावयाचे तर रेल्वे कंपन्यांच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागे. (आपल्याकडे बंगी टपाल ह्याच्या पुष्कळ आधीपासून होते, हे येथे नमूद केल्यास गैर होणार नाही.) सात पौंडांपर्यंतचे पुडके कोणीही टपालात टाकावे, रेल्वेने जाणाऱ्या पार्सलांच्या हशिलापैकी शेकडा ५५ भाग कंपन्यांस द्यावा, असा तो करार होता. तारेचा दर बारा पेनीवरून सहा पेनीवर आणावा म्हणून ते झटत होते; तो दर अमलात आला, परंतु त्यांच्या पश्चात, १८८५ साली. टपालखात्यात स्त्रियांस नोकऱ्या देण्याकडे त्यांचा विशेष ओढा होता, आणि तेथील स्त्रियांसाठी १८८३ साली त्यांनी एका स्त्री डॉक्टराची नेमणूक केली.

१८८२ च्या अखेरीस त्यांस घटसर्प व विषमज्वर असे दोन्ही आजार एकदम झाले. त्यांतून ते उठले, पण पूर्वीची ताकद पुरती परत आली नाही. पुढे १८८४ च्या नोव्हेंबरात केंब्रिज येथे थंडी होऊन छातीचा विकार झाला. शेवटल्या दिवशी हात गार पडू लागले. तेव्हा ऊब आणण्यासाठी आपले हातमोजे उत्तम होतील, आणि ते अमुक खोलीत, अमुक कोटाच्या खिशात आहेत, असे त्यांनी नीट सांगितले. आपली प्रत्येक वस्तू कोठे आहे हे त्यांस नेहमी ठाऊक असे. ६ नोव्हेंबर रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. केंब्रिजजवळच्या ट्रंपिंग्टन खेड्यात त्यांस पुरले.

मागे पत्नी व सोळा वर्षांची एकुलती कन्या फिलिपा राहिली. सहा वर्षांनी, १८९० साली, ही मुलगी केंब्रिजच्या गणिताच्या त्याच परीक्षेस बसली. स्त्रियांस तेव्हा पदवी मिळत नसे, म्हणून त्यांची नावे निराळी वाचीत व पुरुषांच्या यादीत त्यांची जागा कोठे लागते तेवढे सांगत. बाप सातवा आला होता. मुलीची जागा पहिल्या रँग्लराच्याही वर लागली.

फॉसेट वारले तेव्हा सॉल्झबरीस त्यांचे वृद्ध वडील हयात होते. दूर असताना मुलगा त्यांस नेमाने पत्र पाठवी. दुसऱ्याच्या हाताने लिहविलेल्या त्या पत्रांत केंब्रिजची, पार्लमेंटची, मासे किती सापडले ह्याची, अशी हकीकत येई. पुढे त्या गावच्या बाजारपेठेत फॉसेट ह्यांचा पुतळा उभारण्यात आला. तेथून हार्नमची टेकडी फार दूर नाही.